‘टर्न’, ‘वळण’ आणि ग्वाल्हेरचा ‘मोड’



लष्करच्या रस्त्यावर एखाद्या पाहुण्याने पत्ता विचारला, तर इथल्या मराठी माणसाच्या तोंडून सहज उत्तर येते, “पुढच्या मोडावरून उजवीकडे जा.” पाहुणा पुण्याचा असेल तर तो क्षणभर थबकतो. त्याच्या मराठीत मोडते ती खुर्ची, मोडते ते ठरलेले लग्न. मग हसून तो म्हणतो, “म्हणजे उजवीकडे टर्न मारायचा ना?” दिशा बदलण्याच्या एका साध्या क्रियेसाठी एकाने हिंदीचा दरवाजा ठोठावला, दुसऱ्याने इंग्रजीचा; आणि दोघांच्याही घरात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेला ‘वळण’ हा शब्द त्या संभाषणात आलाच नाही. हसण्याचा अधिकार मात्र पुण्याच्या पाहुण्याकडेच राहिला!

‘टर्न’ या इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिन ‘तोर्नारे’ या क्रियापदात आहे, आणि त्याच्याही मागे ग्रीक ‘तोर्नोस’ आहे. अर्थ, चरकावर फिरवून घडवणे. आपल्याकडच्या कातारी लाकूडकाम करणाऱ्याचा धंदा. कारखान्यात लेथवर काम करणाऱ्या कामगाराला ‘टर्नर’ म्हणतात, तेव्हा तो मूळ अर्थच जागा असतो. पुढे हा शब्द रस्त्यावर आला आणि तिथून सगळीकडे पसरला. इंग्रजीत रस्ता ‘टर्न’ होतो, दूधही होते, चेहरा लाल ‘टर्न’ होतो, खेळात आपला ‘टर्न’ येतो, एखाद्यावर केलेला उपकारही ‘गुड टर्न’ असतो. मराठीत यांपैकी एकाही ठिकाणी दुसऱ्या ठिकाणचा शब्द चालत नाही. रस्ता वळतो, दूध नासते, चेहरा लाल होतो, खेळात पाळी येते आणि उपकार हा उपकारच राहतो. झोपलेला माणूस कूस पालटतो, विश्वासातला माणूस उलटतो, व्यापाऱ्याची उलाढाल होते. इंग्रजीने एका शब्दावर भागवलेला संसार मराठीने अनेक शब्दांत मांडला आहे. टॉमस कँडी यांनी पूर्णत्वास नेलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली प्रसिद्ध झाला. अशा शब्दांपाशी कोशकाराला किती थांबावे लागले असेल, याची कल्पना भाषांतर करणाऱ्या कोणालाही येईल.

उलट बाजूने पाहिले तर ‘वळणे’ या क्रियापदाचा पसाराही लहान नाही. ते संस्कृतातल्या ‘वलन’, ‘वलय’ या शब्दांच्या कुळातले. लाडू वळतात, वाती वळतात, दोरी वळतात, मूठ वळते, गुराखी गुरे वळतो, भीतीने बोबडी वळते, हसून हसून मुरकुंडी वळते. इंग्रजी शब्दाप्रमाणेच या शब्दातही हाताचे काम आहे; फरक एवढाच, की तिकडे चरक फिरतो आणि इकडे तळहात. आणि ‘वळण’ तर इंग्रजी ‘टर्न’च्या आवाक्याबाहेर गेलेला शब्द आहे. अक्षराला वळण असते, घराला वळण असते, मुलाला वळण लावावे लागते. मूळ ओढ दाखवताना वळणाचे पाणी वळणावर जाते असे म्हणतात. तेव्हा रिक्षावाल्याला ‘टर्न घ्या’ म्हटल्याने मराठीचे फारसे बिघडत नाही. पण कथेचे परीक्षण लिहिताना ‘इथे कथेला टर्न मिळतो’ असे वाक्य येते, तेव्हा हाताशी ‘कलाटणी’ असताना ते लिहिणे हा निव्वळ आळस होय.

हिंदीचा स्पर्श म्हणजे भाषेचा ऱ्हास, असे मानणाऱ्यांनी ‘घूमजाव’ हा शब्द आठवावा. महाराष्ट्रातील वृत्तपत्रे एखाद्याने भूमिका फिरवली की ‘घूमजाव केले’ असे बिनदिक्कत छापतात. शब्द उघडच हिंदी, आणि तोही आज्ञार्थी. त्याचे नाम बनवले मराठीने. गंमत अशी, की त्याच जागी हिंदी वृत्तपत्रे बहुधा ‘यू-टर्न’ लिहितात. मुंबई-पुण्याच्या छापखान्यात ‘घूमजाव’ला मराठीपण मिळते, तर ग्वाल्हेरच्या ‘मोडा’लाच मोडकी भाषा का म्हणावे?

शिवाय हा शब्द मराठीला खरोखर परका आहे काय? हिंदी ‘मोड़ना’ व मराठी ‘मोडणे’ ही एकाच घराण्यातली भावंडे मानली जातात. मराठीने ‘तोडणे’ हा अर्थ पुढे ठेवला, हिंदीने ‘वळवणे’ हा. पण मराठीतही जुना अर्थ पुरता लोपलेला नाही. बोटे मोडणारी आजी बोटे तुटू देत नाही. गुडघे मोडून बसलेला माणूस पुन्हा उभा राहतो. डोळे मोडत बोलणाऱ्याची दृष्टी शाबूत असते. ‘मोडी’ या लिपीनामाचा संबंधही ‘मोडणे’ याच्याशीच जोडतात: हात न उचलता, अक्षरे मोडून, म्हणजे वाकवून-वळवून, झरझर लिहिण्याची ती लिपी. शिंदे दरबाराचा कारभार जिच्यात चालला, ती हीच लिपी. ग्वाल्हेरकराचा ‘मोड’ हा उसना असला तरी नात्यातून उसना घेतलेला आहे.

हे सांगण्याचे कारण केवळ व्युत्पत्तीची हौस नव्हे. दौलतराव शिंदे यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी स्थिर केली आणि त्या छावणीचेच लष्कर हे शहर झाले. तेव्हापासून इथली मराठी हिंदीच्या शेजारात राहत आली आहे. लग्नकार्याला आलेले आप्त मुलाच्या ‘मोड’ला हसतात, त्यांना ती थट्टा वाटते, पण मूल मात्र पुढच्या वेळी काकांशी हिंदीतच बोलते. चुकण्यापेक्षा गप्प बसणे त्याला बरे वाटते. अशा रीतीने घरातली मराठी कमी होते आणि तिचा दोष कोणाच्याच पदरी पडत नाही.

तथापि दुसरी बाजूही आहे. रस्त्यावरचा ‘मोड’ खुशाल राहावा, पण ग्रंथातला ‘मोड’ कळायला मराठीचाच कान लागतो. जुन्या मराठी कागदपत्रांत ‘फौज वळली’ आणि ‘फौज मोडली’ यांत जीवनमरणाचे अंतर आहे. पहिलीने दिशा बदलली, दुसरीची दाणादाण उडाली. केवळ हिंदी कान असलेल्या मुलाने १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतचे वर्णन वाचताना ‘फौज मोडली’ या शब्दांचा अर्थ ‘फौज वळली’ असा घेतला, तर त्याच्या लेखी त्या दिवशी काही घडलेच नाही. त्याच रणात महादजी शिंदे पायाला जबर जखम होऊन जन्माचे अधू झाले आणि राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना वाचवून दक्षिणेत आणले. तसे झाले नसते तर ग्वाल्हेरास शिंद्यांचे राज्य, इथली मराठी वस्ती आणि हे ग्रंथालय यांपैकी काय उरले असते, हे सांगणे कठीण आहे. या वर्णनांचे खंड इथल्या कपाटांत आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ चार मुलांना जवळ बसवून ते मोठ्याने वाचावेत, आणि ‘मोडली’ या शब्दापाशी थोडे थांबावे.