नवजात कक्षातल्या मावशी

सरकारी रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात डॉक्टर-परिचारिकांबरोबर दिवसरात्र राबतात त्या मावशी. आत शिरताना बांगड्या, अंगठी, घड्याळ काढायचं आणि कोपरापर्यंत हात धुवायचे. इथे सवलत नाही, कारण अडीच किलोहून कमी वजनाच्या बाळाला जंतुसंसर्ग पटकन होतो. औषध देणं, सलाइनला हात लावणं हे त्यांचं काम नव्हे. ओलं दुपटं बदलायचं, वॉर्मर पुसायचा, आयांना दूध पाजायला बोलवायचं.

खरं कसब दिसतं ते कांगारू पद्धतीत. बाळाला आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लागेल असं ठेवायचं. त्यातून ऊब मिळते, दूधही नीट उतरतं. बिचकलेल्या पहिलटकरणीला हे जमवून देण्यात मावशींचा मोठा हात. आईला दूध नसेल तर मातृदुग्धपेढी असते. आशियातली पहिली पेढी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात सुरू झाली.

आता आजीबाईंना एक विनंती. मध, घुटी, साखरपाणी घेऊन जाऊ नका. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. मावशींनी दारात अडवलं, तर त्यांचं ऐका.