बेलोऱ्याचं विमान आणि बॅटरीचं गणित

१६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली. नांदगाव पेठच्या एमआयडीसीतल्या उद्योजकांनाही या सेवेचं एटीआर-७२ विमान जवळचं झालं. इंधन आणि वीज दोन्हींवर चालणाऱ्या विमानांचे अभ्यासक बरेचदा हेच विमान नमुन्याला घेतात. नव्या आराखडापद्धतीने आधी याचंच वजन काढायचं. उत्तर खऱ्या कमाल वजनाइतकं, म्हणजे २३ टनांच्या आसपास आलं, तर पुढची बात.

खरी गोम बॅटरीत आहे. इंधन जळतं तसं विमान हलकं होतं. बॅटरी मात्र चढली तेवढीच जड उतरते. वर तिची किलोमागे ऊर्जा इंधनाच्या चाळिसाव्या हिश्श्याइतकीही नाही! वजनाची जुनी सूत्रं इथेच अडतात.

म्हणून पडताळा आकाशात. १९ जानेवारी २०२३ ला ब्रिटनमध्ये झीरोअ‍ॅव्हिया कंपनीचं डॉर्निअर-२२८ विमान दहा मिनिटं उडालं. डाव्या पंखावर हायड्रोजनच्या विजेची मोटर, उजव्यावर नेहमीचं इंजिन.