रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्याचे काय?

(जागतिक क्षयरोग दिनानिमित्त पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर केलेले भाषण)



एकेकाळी क्षयरोग्याला घरापासून दूर, पांचगणीसारख्या ठिकाणच्या आरोग्यधामात ठेवण्याची पद्धत होती. १९५६ साली मद्रास येथे अभ्यास सुरू झाला आणि १९५९ मध्ये त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. औषधे नियमित घेतल्यास घरी राहूनही रुग्ण आरोग्यधामाइतकाच बरा होतो, असे त्यातून सिद्ध झाले. लक्षावधी कुटुंबांना हे वरदान ठरले. परंतु त्यामुळे घर हेच रुग्णालय झाले आणि घरातील पत्नी, आई वा सून ही बिनपगारी परिचारिका झाली. तिची नोंद मात्र कोठेच झाली नाही.

मागे एका वाडीवर जाण्याचा प्रसंग आला. नवऱ्याच्या गोळ्या चुकू नयेत म्हणून एक भगिनी भिंतीवर कोळशाने रोज एक रेघ ओढीत असे. आम्ही सर्वांनी रुग्णाची विचारपूस केली. निघताना मी तिच्या प्रकृतीविषयी विचारले, तेव्हा तिचे डोळे भरून आले. तीन आठवडे तिला खोकला होता, पण "मीच निजले तर चूल कोण पेटवणार?" म्हणून तिने तो लपविला होता.

साध्या क्षयाचा उपचारही सहा महिने चालतो. तेवढा काळ मजुरी बुडते, जागरणे होतात आणि शेजारी दुरावतात. वास्तविक हा रोग हवेतून पसरतो, ताटवाटीतून नव्हे. निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून रुग्णाला दरमहा १,००० रुपये मिळतात. पण ताट साऱ्या घराचे असते. झारखंडमध्ये रुग्णाच्या कुटुंबीयांनाही शिधा देऊन पाहण्यात आले. त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

म्हणून माझी विनंती एवढीच. पंचायत सदस्यांनी अशा घरी शिधा व रोजगार पोहोचतो की नाही, हे पाहावे. शिक्षकांनी शाळेत न येणाऱ्या मुलीवर घरी शुश्रूषेचा भार आहे काय, याची चौकशी करावी. अधिकाऱ्यांनी कुटुंबातील प्रत्येकाची तपासणी करून घ्यावी; ती शासकीय केंद्रात विनामूल्य होते. आणि रुग्णाच्या दारी जाल तेव्हा, "बाई, तुमची प्रकृती कशी आहे?" हा प्रश्न अवश्य विचारावा.

त्या भगिनीची तपासणी वेळेवर झाली. प्रत्येकीची व्हावी.