ग्रहणकाळचे दान
(स्वागताध्यक्षीय भाषण)



पुराणकथा आणि विज्ञान यांनी आपला विचार कसा घडवला, याची चर्चा करणारी परिषद आमच्या गावात होते आहे, हे आमचे भाग्य. चाळीसगाव म्हटले की लोकांना जंक्शन आठवते, रसिकांना छायाचित्रकार केकी मूस आठवतात. मला मात्र आज आठवण करायची आहे ती इथल्याच पाटण्याच्या चांगदेवाची. मुक्ताबाईंचे शिष्य योगी चांगदेव ते वेगळे. हा भास्कराचार्यांचा नातू, यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने पाटण्याला मठ काढला. आजोबा जगाला ठाऊक झाले. नातवाचे नाव आमच्या पोरांनाही माहीत नाही, याची खंत वाटते.

या मठाला निकुंभ राजा सोइदेवाने शके ११२८ मध्ये, म्हणजे १२०७ साली, श्रावणी पौर्णिमेला चंद्रग्रहणाच्या वेळी दान दिले. डॉ. भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणलेल्या शिलालेखात ते कोरले आहे. शेवटचा तपशील तर मराठीत आहे: दर घाण्यामागे पळीभर तेल, आणि माप मठाचे!

या मठात शिकवल्या जाणाऱ्या ग्रंथांत भास्कराचार्यांनी विचारले: पृथ्वीला शेषनागाचा आधार मानला, तर शेषाला कोणाचा? ग्रहण छायेमुळे होते हे त्यांनी मांडले आणि ब्रह्मदेवाच्या वराने राहू त्या छायेत शिरतो, असे सांगून पुराणाचाही मान राखला. ग्रहणातल्या दानाचे पुण्य मोठे, या श्रद्धेवर ग्रहणाचे गणित शिकवणारी शाळा चालली. विद्वानांनी यावर जरूर बोलावे.

तीच दानत आजही आहे. तेलाचे डबे देणारे गिरणीवाले, धान्य पाठवणारे शेतकरी, मंडपवाले, वर्गखोल्या मोकळ्या करून देणारे मुख्याध्यापक, पहाटेपासून चुलीपाशी राबणाऱ्या भगिनी, सर्वांचा मी ऋणी आहे. निवासाची जागा अपुरी आहे, काहींना सतरंजीवर झोपावे लागेल, वीज केव्हाही जाते, जेवणाला उशीर होईल. हात जोडून क्षमा मागतो. काही कमी पडले तर थेट मला सांगा.

उद्या सकाळी पाटणादेवीला गाड्या निघतील. तिथला तो शिलालेख डोळ्यांनी पाहा, आणि चांगदेवाच्या नावाने इथे पुन्हा गणित-ज्योतिषाचा अभ्यास सुरू व्हावा, असा ठराव या परिषदेने करावा, एवढेच मागणे.