लातुरास पाणी कोठून द्यावे? (रेणापूर येथील व्याख्यान)



लातूर शहराच्या पाण्याची चर्चा रेणापुरात कशाला, असे कोणी म्हणेल. त्यास माझा उलट सवाल आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरचे टँकर कोठे भरत होते? डोंगरगावच्या बंधाऱ्यावर, माकणीच्या धरणावर आणि आपल्या भंडारवाडीच्या तळ्यावर. शहरास तहान लागली की ते पहिल्याने शेजारच्या खेड्याच्या घागरीकडे पाहते. तेव्हा हा विचार आपला नव्हे तर कोणाचा?

त्या सालची हकीकत तरुण मुलांना ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. धनेगावचे मांजरा धरण आटले. पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणे होतील म्हणून सरकारने मार्चात जमावबंदी पुकारली. १२ एप्रिलला मिरजेहून कृष्णेचे पाणी घेऊन पहिली आगगाडी लातुरास आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणी येऊ लागल्या. साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास वाट तुडवून गाडीने १११ खेपा केल्या आणि सुमारे २६ कोटी लिटर पाणी आणले. साऱ्या देशाने वाहवा केली. रेल्वेच्या नोकरांनी मेहनत केली हे खरेच. पण आता हिशेब ऐका. सरीपाटाने पाजलेल्या एक हेक्टर उसास सालभरात दोन कोटी लिटरांच्या आसपास पाणी लागते. म्हणजे चार महिने धावलेल्या त्या गाडीचे सगळे पाणी तेरा हेक्टर, अवघ्या बत्तीस एकर उसाचे झाले! बत्तीस एकर ऊस तर एखाद्या मध्यम गावाच्या शिवारातच उभा असतो.

तेव्हापासून उपायांचा सुकाळ झाला आहे. कोणी म्हणतो उजनीहून नळ आणा, कोणी म्हणतो सगळ्या मराठवाड्यातील अकरा धरणे नळांनी जोडा. उजनीचेच आधी पाहू, कारण ज्याच्या त्याच्या तोंडी तेच नाव आहे.

उजनीचे धरण मोठे, ११७ टीएमसीचे, यात वाद नाही. धाराशिव शहर त्याचे पाणी पितेही. परंतु उजनीची भरल्या धरणाची पातळी समुद्रापासून ५०० मीटरांच्या आत आहे आणि लातूर ६०० च्या वर. शंभर मीटरांहून अधिक चढाव आणि दीडशेहून जास्त किलोमीटरांचा नळ! मोट ओढणाऱ्या माणसास चढावाचे पाणी काय भावाने पडते हे सांगावयास नको. मोटेच्या बैलास कडबा तरी घरचा होता; पंपाच्या विजेचे बिल दरमहा येणार, आणि ते थकले की नळ कोरडा. पुन्हा, ज्या साली मांजरा आटले त्याच साली उजनीही मृत साठ्यात गेले होते. २०२४ च्या उन्हाळ्यातही गेले. दुष्काळ काही जिल्ह्याची हद्द पाहून थांबत नाही. आणि सोलापूरचा शेतकरी काय म्हणेल? २०२१ साली उजनीचे पाच टीएमसी पाणी इंदापुराकडे नेण्याचा हुकूम निघाला, तो सोलापूरकरांच्या रेट्यापुढे महिन्याभरात मागे घ्यावा लागला. तोही आपल्यासारखाच कुणबी. त्याच्या तोंडचे घेऊन आपण गार होणार काय?

उजनी नकोच असे मी म्हणत नाही. शहर वाढते आहे. २०११ च्या शिरगणतीत लातूर पावणेचार लाखांवर होते. पण घरातल्या रांजणाचे भोक न बुजवता दहा कोसांवरच्या विहिरीला दोर लावायचा, हे काही शहाणपणाचे नाही.

रांजण म्हणजे मांजरा. लातुरात आज पाच लाख माणसे धरा आणि माणशी १३५ लिटर द्या. रोजचे पावणेसात कोटी, सालाचे सुमारे २,४६४ कोटी लिटर झाले. धरणाचा वापरता येण्याजोगा साठा १७,७०० कोटी लिटरांचा. म्हणजे धरण एकदा भरले की शहराची सालभराची गरज त्याच्या सातव्या हिश्शात भागते. अंबाजोगाई, केज, धारूर, कळंब यांचा वाटा निराळा. आणि सूर्यनारायण दीड-दोन मीटर पाण्याचा थर दरसाल उडवून नेतो तो निराळा. एवढे वजा घालूनही, भरल्या साली निम्मा साठा कुलपात ठेवला तर एक पावसाळा फसला तरी शहर तगेल. त्याच २०१६ च्या पावसाळ्याअखेर धरण भरले होते. मग राखून ठेवण्यास कोणाची आडकाठी?

येथे मला कडू बोलावे लागते, कारण समोर बसलेल्यांपैकी कित्येकांच्या रानात ऊस आहे. निम्मा साठा राखला तर कालव्याच्या पाळ्या कमी होतील आणि कुऱ्हाड उसावर पडेल. शहरी विद्वान याला शेतकऱ्याचा हावरेपणा म्हणतात. ते मला कबूल नाही. उसास कायद्याने ठरलेला दर आहे आणि तो नेणारा कारखाना तालुक्यातच आहे. तुरीचा आणि सोयाबीनचा हमीभाव मात्र कागदावर राहतो, व्यापारी अडतीत बसून पाडून मागतो. मग कुणबी ऊस न लावील तर काय करील? तेव्हा पाणी राखा म्हणणाऱ्याने आधी तूर-हरभऱ्याची खरेदी दारात उभी करावी, आणि ज्याला ऊसच लावायचा आहे त्याला ठिबकाच्या नळ्या द्याव्यात.

दुसरी गोष्ट सांडपाण्याची. शहर जेवढे पाणी पिते-वापरते त्याचा पाऊण हिस्सा गटारात जातो. पावणेसात कोटींपैकी पाच कोटी लिटर रोज! ते शुद्ध करून खालच्या शिवारांना ज्वारी-कडब्यासाठी दिले तर ती खरी देवघेव. तुम्ही आमचे स्वच्छ पाणी न्या, वापरलेले धुऊन परत द्या. घाण तशीच नदीत सोडली तर खालचा परीट त्यात कापड कसे धुईल?

याच मांजरेच्या पाण्यावर पुढे तेलंगणात सिंगूर धरण आहे. हैदराबादने त्या पाण्यावर वर्षानुवर्षे भागवले, आणि २०१६ च्या सुमारास तेही आटले तेव्हा त्या शहराला कृष्णा-गोदावरीच्या नळांनी तारले. धनवान राजधानीस ते साधले. लातुराची तिजोरी तेवढी आहे काय?

जोतीरावांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात ताली, बंधारे व तलाव बांधण्याचे काम पलटणीतील शिपायांकडून करवून घ्या, असे सरकारास सुचवले होते. २०१६ साली लातूरकरांनी वर्गणी काढून साई ते नागझरीपर्यंत मांजरेचे पात्र उपसले, हे त्यातलेच काम. मात्र गाळ दरसाल येतो, वर्गणी दरसाल येत नाही.

आता भंडारवाडीबद्दल. शहरास पुन्हा अडचण आली तर दोन घागरी देण्यास आपण ना म्हणणार नाही. पण किती दिले, किती दिवस दिले, आणि रेणापुरासाठी किती राहिले, हे टँकर भरण्यापूर्वी ठरले पाहिजे. १५ ऑक्टोबरला धरणांचा साठा मोजतात. त्या दिवशीचा मांजरेचा व भंडारवाडीचा आकडा, आणि त्यातले पिण्यास किती, पिकास किती, हे प्रत्येक गावच्या चावडीवर फळ्यावर लिहावे, असा अर्ज मी लिहून आणला आहे. ज्याला सही येते त्याने सही करावी, न येईल त्याने अंगठा द्यावा. बायांनीही द्यावा, घागर त्यांच्याच डोक्यावर असते. कागद येथे टेबलावर आहे.