परक्या घरी वाढणारे मूल



मातापित्यांच्या छत्राविना वाढणारी काही मुले आपल्या वर्गात असतात. कोणी आजीजवळ, कोणी मामाकडे, तर कोणी बालकल्याण समितीने नेमून दिलेल्या प्रतिपालक कुटुंबात राहते. पेठ-सुरगाण्याकडील मजूर द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडे जातात, तेव्हा मागे राहिलेली मुलेही काही काळ ह्याच स्थितीत असतात.

मुलाने संस्थेपेक्षा कुटुंबात वाढावे, हे तत्त्व २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने व आपल्या राज्याच्या बाल संगोपन योजनेने मान्य केले आहे. त्यास शास्त्राचाही आधार आहे. रुमानियातील बुखारेस्ट येथे २००१ च्या सुमारास अनाथालयांतील १३६ बालकांपैकी निम्मी सोडतीने निवडून प्रतिपालक कुटुंबांत ठेवण्यात आली. त्यांची बुद्धी तर अधिक वाढलीच, पण उंची आणि वजनही वाढले. आणि जेथे माया अधिक, तेथे ही वाढही अधिक दिसली. माया अशी अंगी लागते.

तथापि घर मिळाले म्हणजे मन सावरले, असे नव्हे. जे दुःख मूल बोलत नाही, ते त्याचे शरीर बोलते. वारंवार पोट दुखते, वर्गात झोप अनावर होते. शालेय आहारातील घास कोणी दप्तरात लपविले, तर त्यास चोर म्हणू नये. ते उद्याच्या भुकेची तरतूद करीत असते. दंगेखोर मुलाकडे आपले लक्ष जातेच. अतिशय आज्ञाधारक मुलाकडे मात्र जात नाही. आपण त्यास गुणी म्हणतो. परंतु 'आपण नकोसे झालो, तर येथूनही घालवतील', ह्या भयाने ते मुके झालेले असू शकते.

म्हणून आपण काय करावे? लसीकरणाची नोंद घर बदलताना हरवते, ती मिळवावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल त्या दिवशी हे मूल हजर राहील, असे पाहावे. सांगितलेला उपचार पुढे झाला की नाही, हेही विचारावे. 'अनाथ कोण?' म्हणून चारचौघांत उभे करू नये. सांभाळणाऱ्या आजीला वा काकूला पालकसभेस सन्मानाने बोलवावे. छळाची शंका आल्यास १०९८ ह्या क्रमांकावर कळवावे.

ह्या मुलाचे घर बदलते, माणसे बदलतात. शाळा व गुरुजी तेवढे तेच राहिले, तर त्याच्या दृष्टीने तो मोठा आधार होय. त्याचे नाव रोज आपुलकीने पुकारण्यास कोणत्याही अनुदानाची आवश्यकता नाही.