मुलांच्या मेंदूचे आजार आणि आपण
(विहाराच्या वर्षावास व्याख्यानमालेत आरोग्य समितीच्या वतीने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्षावासात धम्मग्रंथाचे वाचन चालू असताना मध्येच हा दवाखान्याचा विषय कशाला, असे कुणाला वाटेल. पण विनयपिटकातल्या महावग्गात जीवकाची गोष्ट आहे, ती आजच्या विषयाचीच आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीचे डोके सात वर्षे दुखत होते. वैद्यांनी हात टेकले. कुणी म्हणाले पाचव्या दिवशी मरेल, कुणी म्हणाले सातव्या. बिंबिसार राजाने जीवकाला पाठवले. जीवकाने त्याला खाटेला बांधले, डोक्याची कातडी चिरली, कवटी उघडली, आतून दोन किडे काढले आणि पुन्हा शिवून लेप लावला. भगवंतांच्या संघाची सेवा करणारा वैद्य डोक्याच्या आजारावर हत्यार चालवत होता, मंत्र नव्हे.

आज आपल्या वस्तीत मुलाला फिट आली की काय होते? आम्ही घरोघर फिरतो म्हणून सांगतो. कांदा हुंगवतात, चप्पल नाकाला लावतात, हातात किल्ल्या देतात, दातात चमचा घालतात. मग कुणीतरी मावशी म्हणते, "बाहेरचं आहे गं, बघणाऱ्याकडे ने." भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली बावीस प्रतिज्ञा, आणि पोराच्या दंडाला ताईत! आईला आम्ही दोष देत नाही. भीतीपोटी माणूस काहीही करतो. दोष असलाच तर त्या बघणाऱ्याचा, जो पैसे घेतो आणि मुलाचे सहा महिने खातो. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अशा माणसावर गुन्हा दाखल होऊ शकतो, हेही लक्षात ठेवा.

फिट म्हणजे काय, तर मेंदूच्या पेशींमधून वाहणारी बारीक वीज अचानक एकदम उसळते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाला नुसत्या जोराच्या तापातही झटका येतो. तो बहुतेक वेळा एकदाच येतो, पण डॉक्टरला दाखवायचेच, कारण मेंदूज्वरातही ताप आणि झटका दोन्ही असतात. ताप नसताना पुन्हा पुन्हा झटके आले, तर त्याला फेफरे किंवा अपस्मार म्हणतात. झटका आला की मूल कुशीवर वळवा, गळ्याजवळचे बटण सोडा, तोंडात काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबला नाही, किंवा थांबून लगेच दुसरा आला, तर रिक्षा करा आणि निघा. सगळेच झटके पाडणारे नसतात. जेवता जेवता मूल काही क्षण टक लावून थांबते, हाक मारली तरी ऐकत नाही, शाळेत बाई म्हणतात लक्ष नाही. तेही फेफरे असू शकते. त्याला मार नको, तपासणी हवी.

आता दवाखान्याविषयी. परळचे बाई जेरबाई वाडिया मुलांचे रुग्णालय १९२९ साली उघडले. त्याच परळला बी.आय.टी. चाळीत बाबासाहेब आणि माता रमाई राहत होते. त्यांचा लाडका राजरत्न १९२६ साली गेला. त्याच्याआधी गंगाधर, रमेश आणि इंदू गेली होती. चार लेकरे त्या माउलीने पोटाशी धरून गमावली. दवाखाना तीन वर्षे आधी असता तर राजरत्न वाचला असता, असे आम्ही म्हणणार नाही, तेव्हा आजच्यासारखी औषधेच नव्हती. पण आज ती आहेत, तिथे आपल्याला बस जाते, आणि तरी पोर घरात ठेवायचे, हे कसे चालेल?

अशा मुलांच्या रुग्णालयात मेंदूचे दोन डॉक्टर असतात, लोकांची इथे गल्लत होते. न्यूरॉलॉजिस्ट औषधांनी उपचार करतो, न्यूरोसर्जन ऑपरेशन करतो. "न्यूरोकडे पाठवलंय" म्हटले की आपल्याकडे रडारड सुरू होते, जणू उद्याच डोके फोडणार आहेत. बहुतेक मुले नुसत्या गोळ्या-औषधांवर राहतात. मोठ्यांच्या डॉक्टरापेक्षा मुलांचा डॉक्टर वेगळा लागतो, कारण मुलाचा मेंदू वाढत असतो, औषध वजनावर मोजून द्यावे लागते आणि तान्ह्याची टाळू अजून भरलेली नसते. ई.ई.जी. म्हणजे डोक्याला तारा लावून काढलेला आलेख. त्यात शॉक देत नाहीत आणि दुखतही नाही. जाताना मुलाचे केस धुऊन न्या, तेल लावू नका, आणि रात्री कमी झोपवायला सांगितले असेल तर तेवढे ऐका. नाहीतर अख्खा दिवस फुकट जातो आणि बापाचा खाडा पडतो.

एक कारण मुद्दाम सांगतो, कारण जीवकाच्या गोष्टीतले किडे ऐकून लोक हसतात. आपल्या देशात मुलांच्या फिटचे एक कारण मेंदूत बसलेली पट्टकृमीची अळी हे आहे. ही अंडी माणसाच्या विष्ठेतून पाण्यात, भाजीत, हातावर येतात. डुकराचे मटण खाणाऱ्यालाच हा आजार होतो हा समज खोटा आहे, शुद्ध शाकाहारी माणसालाही तो होतो. म्हणून कोथिंबीर, मुळा, काकडी धुऊन खा, आणि संडासातून आल्यावर साबणाने हात धुवा. जीवकाने कवटी उघडली, आज बहुधा औषधांनीच भागते. मात्र जंताची गोळी आपल्या मनाने देऊ नका. मेंदूतली अळी मेली की सूज वाढते, ती सांभाळायला डॉक्टर लागतो.

दुसरा आजार डोक्यात पाणी होण्याचा. मेंदूत रोज एक द्रव तयार होतो आणि जिरतो. वाट अडली की तो साठतो, तान्ह्याचे डोके मोठे होत जाते, टाळू फुगते, डोळे मावळत्या सूर्यासारखे खाली झुकतात. जन्मताना डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटिमीटर असतो आणि वर्षाने ४६ च्या आसपास. अंगणवाडीत घेर मोजतात का ते विचारा. "बुद्धिवान होणार, डोकं केवढं बघा," असे म्हणून हसणाऱ्या आजीबाई आम्ही पाहिल्या आहेत. यावर उपाय म्हणजे शंट, कातडीखालून डोक्यातून पोटात नेलेली बारीक नळी आणि तिच्यात एकाच बाजूला उघडणारी झडप. ही झडप कुणी केली? अमेरिकेत फिलाडेल्फियाला कुलपे बनवणाऱ्या कंपनीत काम करणाऱ्या जॉन होल्टर नावाच्या तंत्रज्ञाने! १९५५ साली त्याचा मुलगा केसी हा आजार घेऊन जन्मला. तिथल्या मुलांच्या रुग्णालयातले डॉक्टर स्पिट्झ यांच्याबरोबर राहून त्याने रात्रंदिवस खटपट केली आणि १९५६ पासून ती झडप मुलांना बसू लागली. केसी लहानपणीच गेला, पण बापाची झडप जगभरच्या पोरांना मिळाली. गिरणीत साचे दुरुस्त करणाऱ्यांच्या घरातले आम्ही, ही गोष्ट ऐकली की ऊर भरून येतो. आपल्या देशातही उत्तर प्रदेशातल्या शहाजहानपूरला छाब्रा शंट तयार होतो. तो परदेशी शंटपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. युगांडातल्या मुलांच्या रुग्णालयात दोन्ही वापरून पाहिले, २००५ साली निष्कर्ष आला की एका वर्षात फरक दिसला नाही. तेव्हा स्वस्ताचा बसवला म्हणून मन खट्टू करू नका.

शंट बसवला म्हणजे काम संपले नाही. नळी तुंबते किंवा तिला जंतुसंसर्ग होतो. उलट्या, डोकेदुखी, सारखी झोप, ताप, यातले काही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. शंटचा कागद मुलाच्या दप्तरात आणि एक प्रत शेजारच्या घरी ठेवा.

गोळ्यांचेही तसेच. दोन महिने फिट आली नाही की आपण गोळी बंद करतो आणि मग मोठा झटका येतो. साधारण दोन वर्षे झटका आला नाही तर डॉक्टर स्वतःच हळूहळू कमी करतात. जीवक हुशार होता. श्रेष्ठीला म्हणाला, सात-सात महिने एकेका कुशीवर पडावे लागेल. सात-सात दिवसांतच तो कंटाळला. मग जीवक म्हणाला, तेवढेच हवे होते, पण महिने सांगितले नसते तर तू दिवसही पडला नसतास! आजचा डॉक्टर मात्र दोन वर्षे म्हणतो ती खरीच दोन वर्षे असतात.

मुलीच्या बाबतीत घरचे आजार लपवतात, पुढे लग्न जमणार नाही म्हणून. बौद्धांनाही लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्यात फेफऱ्याचे कारण होते, ते १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकले. कायद्याने काढले, आता सोयरिकीच्या बैठकीतून काढायचे आहे. पोरीची गोळी चोरून खायला लावू नका.

खर्चाची भीती खरी आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत मेंदूची बरीच ऑपरेशने बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा, पैसे भरल्यावर नव्हे. धर्मादाय रुग्णालयात गरिबांसाठी दहा टक्के खाटा मोफत आणि दहा टक्के सवलतीच्या असतात. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर दाखला काढा.

ज्यांच्या घरी नवी सून आहे त्यांनी फॉलिक ॲसिडची गोळी गर्भ राहण्याआधीपासून सुरू करावी. बाळाच्या पाठीचा कणा पहिल्या चार आठवड्यांत मिटतो, तेव्हा पुष्कळ बायांना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते.

दर रविवारी वंदनेनंतर आमच्यातले दोघे विहाराच्या ओट्यावर बसतात. ज्यांना ओ.पी.डी.ला एकटे जायला धजत नाही त्यांनी आदल्या रविवारी नाव सांगावे. सकाळी लवकर निघावे लागते, डबा आणि जुने सगळे कागद बरोबर घ्यावेत.

जय भीम, नमो बुद्धाय.